वाड्यातून वॉर्डात : पुणे सेवासदनाची वाटचाल

पुण्याच्या सेवासदनाचा इतिहास सांगताना पहिले नाव रमाबाई रानडे यांचे येते, आणि ते यायलाच हवे. पण अध्यक्षांची नावे, देणगीदारांचे आकडे आणि इमारतींच्या कोनशिला एकापुढे एक मांडल्या म्हणजे संस्थेने नेमके काय केले ते कळत नाही. २ ऑक्टोबर १९०९ रोजी रमाबाईंचे दिवंगत पती न्यायमूर्ती रानडे यांच्या पुण्यातील वाड्यात जे काम सुरू झाले, त्याच्या मुळाशी एक स्पष्ट समज होती. बाईला शिकायला आणि कमवायला कायद्याने मनाई नाही, एवढ्याने ती शिकत नाही आणि कमवत नाही. सुईणीपासून शिक्षिकेपर्यंत कोणताही पेशा घ्या. त्याच्या प्रवेशाच्या अटी, शिकण्याच्या वेळा, राहण्याची सोय आणि शेवटी हाती पडणारा दाखला हे सगळे पुरुषाचे आयुष्य डोळ्यापुढे ठेवून ठरलेले असते. बाईचे घर आणि तो पेशा यांच्यामधला टप्पा कोणीतरी बांधावा लागतो. सेवासदनाने तो टप्पा बांधला. हाच या लेखाचा मुद्दा आहे, आणि पुढील दशकांचा आढावा त्याच अंगाने घेतला आहे.

एकोणिसाव्या शतकाची अखेर

संस्था निघाली तेव्हा पुण्यात स्त्रीशिक्षण ही नवी गोष्ट नव्हती. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, त्याला साठ वर्षे उलटली होती. शिक्षिका तयार करणारे सरकारी ट्रेनिंग कॉलेज १८७० पासून शहरात होते. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष देताना शिक्षिकांच्या प्रशिक्षणाची, स्त्री-निरीक्षकांची आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देण्याची मागणी केली होती. हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी झालेल्या सभेत गव्हर्नरांसमोर इंग्रजीत वाचन करणाऱ्या तरुण बाई रमाबाई रानडेच होत्या. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. मग सेवासदनाची वेगळी गरज काय होती?

याचे उत्तर दोन गोष्टींत सापडते. पहिली, जनगणनेतला आकडा: १९०१ मध्ये हिंदुस्थानातील हजार स्त्रियांमागे जेमतेम सहा-सात जणींना लिहिता-वाचता येत होते. शाळा निघाल्या होत्या, पण ज्या बायका आधीच मोठ्या झाल्या, लग्न होऊन सासरी गेल्या किंवा विधवा होऊन माहेरी परतल्या, त्यांचा शाळेशी संबंध संपलेला होता. लहान मुलींसाठीच्या वर्गात पंचविशीच्या बाईला बसवणार कोण? दुसरी गोष्ट, ज्या मूठभर स्त्रियांनी पदव्या मिळवल्या त्यांचे पुढे काय झाले ती. डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण हिंदुस्थानात स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा १९२३ मध्ये आला. तीस वर्षे त्यांची पात्रता होती आणि दार बंद होते. सामान्य घरातल्या विधवेचे नेमके उलट होते. ट्रेनिंग कॉलेजाचे दार तिला बंद नव्हते, पण आत जायला लागणारी मराठी सातवीची परीक्षा तिने दिलेली नव्हती, आणि पुण्यात राहायला जागा नव्हती. एका बाजूला दाखला असून काम नाही, दुसऱ्या बाजूला काम असून दाखला नाही, अशी ही कोंडी होती.

त्या काळच्या विधवेच्या मिळकतीचाही विचार करायला हवा. १९३७ च्या कायद्यापर्यंत एकत्र हिंदू कुटुंबातील विधवेला पतीच्या हिश्श्यात वाटा नव्हता, फक्त पोटगीचा हक्क होता. म्हणजे दोन वेळचे जेवण दिराच्या किंवा भावाच्या मर्जीवर. बायका कमवू लागल्या तर घर मोडेल, हा आक्षेप तेव्हा वर्तमानपत्रांपासून वाड्यांच्या ओसरीपर्यंत सर्वत्र घेतला जाई. ज्या बाईचे घर आधीच मोडले आहे तिला तो कसा लागू पडतो, हा साधा प्रश्न संस्थेच्या पहिल्या कार्यकर्त्यांनी विचारला. तो प्रश्न बिनतोड होता, म्हणूनच बहुधा पहिली फळी विधवांची उभी राहिली.

पहिले दशक : १९०९ ते १९२०

मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये सेवासदन निघाले. रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. पुढल्याच वर्षी पुण्याचे काम सुरू झाले. पुण्याची संस्था यथावकाश स्वतंत्र झाली. पुण्यात रमाबाईंच्या जोडीला गोपाळ कृष्ण देवधर होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते पहिल्या काही सभासदांपैकी एक. पैसा जमवणे, सरकारदरबारी खेटे घालणे, अहवाल लिहिणे, गावोगाव हिंडून विद्यार्थिनी मिळवणे ही न दिसणारी कामे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे केली. रमाबाईंचे नाव असल्यामुळे सनातनी घरांतूनही बायका येऊ शकत. ज्या बाईने सासरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांची बोलणी खात लिहिणे-वाचणे शिकले, जिने आपल्या आठवणी १९१० मध्ये प्रसिद्ध केल्या आणि जी स्वतः विधवा होती, तिच्या संस्थेत सून पाठवायला सासूला फारसे अवघड वाटत नसे.

पहिला वर्ग अर्थातच मोठ्या बायकांना लिहायला शिकवण्याचा. वर्ग दुपारी भरत. यात सोय पाहिली होती, आणि सोयीपेक्षा अधिक काही होते. सकाळचा स्वयंपाक, सोवळे, वाढणी, उष्टी-खरकटी आवरली की संध्याकाळच्या चुलीपर्यंत बाईच्या हाती मधले तीन-चार तास उरत. शाळेचे घड्याळ त्या तीन-चार तासांना जुळवले, तेव्हा शाळा भरली. शिवण, विणकाम, भरतकाम, प्रथमोपचार, गाणे हे विषय जोडीला होते. त्यातून ज्या पुढे जाण्याजोग्या निघत त्यांची सातवीची तयारी करून घेतली जाई, आणि पुढे शिक्षिका तयार करण्याचे कामच संस्थेने अंगावर घेतले. ज्यांना कोठेही प्रवेश मिळत नव्हता त्यांना प्रवेशाच्या पात्रतेपर्यंत आणून सोडणे ही संस्थेची पहिली कामगिरी, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. इतिहास लिहिणाऱ्यांनी तिची पुरेशी दखल घेतलेली नाही, कारण पूर्वतयारीच्या वर्गाला ना पदवीदान असते ना समारंभ.

दुसरी कामगिरी अधिक धाडसाची होती. ससून रुग्णालयात नर्सचे काम शिकायला उच्चवर्णीय हिंदू विधवा पाठवायच्या, असे संस्थेने ठरवले. आज नर्सचा पेशा इतका परिचित आहे की त्या निर्णयाचे वजन जाणवत नाही. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रक्त, पू आणि मलमूत्र आवरायचे, कोणत्याही जातीच्या रोग्याची शुश्रूषा करायची, रात्रपाळी करायची, आणि हे सारे त्या बाईने, जिला घरातल्या मंगलकार्यातही पुढे येऊ देत नसत. हिंदुस्थानातल्या रुग्णालयांत तोवर हे काम मुख्यतः ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन स्त्रिया करत. सेवासदनाने वाद घालत न बसता व्यवस्था केली. शिकणाऱ्या नर्सेससाठी रुग्णालयाच्या जवळ वसतिगृह चालवले, तिथे घरच्यासारखे जेवण ठेवले, देखरेखीला जबाबदार स्त्री ठेवली. बी. जे. मेडिकल स्कूलमध्ये सब-असिस्टंट सर्जनच्या वर्गात शिकणाऱ्या मुलींनाही राहण्याची जागा दिली. बापाची आणि भावाची पहिली शंका "ती राहणार कुठे?" हीच असते. तिचे उत्तर मिळाले की विटाळाची शंका आपोआप मागे पडते, हे संस्थेने ओळखले होते.

याच दशकाच्या शेवटी, १९२० मध्ये, पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसा कमी आहे, तेव्हा आधी मुलग्यांना सक्ती करू, मुलींचे नंतर पाहू, असा युक्तिवाद पुढे आला. रमाबाईंच्या नेतृत्वाखाली शहरातील स्त्रियांनी मोर्चा काढून त्याला विरोध केला. संस्थेच्या अनुभवाचाच हा निष्कर्ष होता: जी मुलगी आज शाळेबाहेर राहील, तिच्यासाठी पंधरा वर्षांनी पुन्हा दुपारचा वर्ग काढावा लागेल.

१९२० चे दशक

रमाबाई १९२४ मध्ये गेल्या. तोवर संस्थेची घडी बसली होती, आणि ती त्यांच्या नंतर मोडली नाही हे कार्यकर्त्यांचे सामूहिक श्रेय आहे. सोलापुरासारख्या ठिकाणी सेवासदनाचे काम रुजले. बाळंतपण आणि बालसंगोपनाच्या कामातही संस्थेच्या शिकलेल्या बायका उतरल्या. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मतदानाचा हक्क १९२१ मध्ये मिळाला, आणि त्या मागणीत रमाबाई अग्रभागी होत्या, हेही याच काळातले.

सेवासदनाने पांढरपेशा, त्यातही ब्राह्मण विधवांसाठीच काम केले, हा त्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. पहिल्या वर्षांपुरता तो खरा आहे आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. ज्यांना घराबाहेर कामाला जाण्याचीच बंदी होती त्या स्त्रिया संस्थेने आधी निवडल्या. कष्टकरी स्त्री कामावर होतीच, शेतात, बांधकामावर, गिरणीत. पण याचा अर्थ तिला प्रशिक्षण नको होते असा होत नाही. उलट मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास आपल्या मुद्द्याचाच दुसरा पुरावा देतो. १९२० च्या दशकात तिथल्या दर पाच कामगारांत साधारण एक स्त्री होती. बायका रिळिंग आणि वाइंडिंग खात्यात. माग आणि त्यावरचे कसबी काम पुरुषांकडे. नवी यंत्रे आली तेव्हा बायकांच्या खात्यातली कामे आधी गेली, कारण दुसऱ्या खात्याचे काम त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. १९२९ चा मुंबईचा प्रसूती-लाभ कायदा आला. त्याच्या बाजूने डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये विधिमंडळात भाषण केले होते. कायदा न्याय्यच होता. पण आजच्या कामाचे संरक्षण देणारा कायदा उद्याचे काम शिकवत नाही, आणि पुढच्या चार दशकांत गिरण्यांतून स्त्रिया जवळजवळ नाहीशा झाल्या. वाड्यातली विधवा आणि खात्यातली कामगार बाई यांची स्थिती वेगळी असली तरी अडचण एकच निघाली, ती पुढच्या पायरीपर्यंत नेणाऱ्या शिक्षणाच्या अभावाची.

१९३० आणि १९४० ची दशके

देवधरांचे निधन १९३५ मध्ये झाले. हा काळ संस्थेने टिकून राहण्याचा. आर्थिक मंदी, मग युद्ध, मग महागाई. तरी वर्ग आणि वसतिगृहे चालू राहिली.

नर्सिंगची निवड किती दूरदृष्टीची होती हे १९४६ मध्ये आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या अहवालाने दाखवले. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात जेमतेम सात हजार नर्सेस, म्हणजे सुमारे त्रेचाळीस हजार लोकांमागे एक. गरज इतकी प्रचंड आणि काम करू शकणाऱ्या स्त्रिया घरोघरी रिकाम्या, या दोन गोष्टी शेजारी-शेजारी नांदत होत्या आणि त्यांना जोडणारे कोणी नव्हते. सेवासदनाने एका शहरात एका रुग्णालयापुरते ते जोडून दाखवले होते.

१९५० ते १९७०

संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत लिंगभेद निषिद्ध ठरवला, पंधराव्या अनुच्छेदाने स्त्रियांसाठी विशेष तरतुदींना वाव दिला आणि एकोणचाळिसाव्याने समान कामाला समान वेतनाचे उद्दिष्ट घातले. आता अशा संस्थांचे काम संपले, असे अनेकांना तेव्हा प्रामाणिकपणे वाटले. पण १९५१ च्या जनगणनेत स्त्री-साक्षरता शंभरात नऊदेखील नव्हती. म्हणून १९५८ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या नेतृत्वाखालील केंद्रीय समाजकल्याण मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले: शाळा सुटलेल्या बाईला दोन-तीन वर्षांत परीक्षेपर्यंत नेऊन ग्रामसेविका, नर्स, शिक्षिका अशा प्रशिक्षणास पात्र करायचे. १९०९ च्या दुपारच्या वर्गामागचा विचार पन्नास वर्षांनी सरकारी योजनेत उतरला होता. संविधानाने हक्क दिल्यावरही सरकारला हा मधला टप्पा बांधावा लागला, याहून ठळक पुरावा हवा कशाला?

१९७० आणि १९८० ची दशके

या दोन दशकांत संस्थेला आणि तिच्यासारख्या सर्वच संस्थांना एका टीकेला सामोरे जावे लागले. स्त्रियांच्या स्थितीचा आढावा घेणारा 'समानतेकडे' हा अहवाल १९७४ मध्ये आला आणि स्त्रियांचे प्रशिक्षण ठरावीक "बायकी" कामांपलीकडे जात नाही, हे त्याने स्पष्ट मांडले. शिवण, भरतकाम, बालवाडी, शुश्रूषा. टीका रास्त होती. १९१० मध्ये नर्सचे काम शिकवणे म्हणजे चाकोरी मोडणे होते. १९७५ मध्ये शिवणाचे प्रमाणपत्र देऊन बाईला घरी पाठवणे म्हणजे चाकोरीत टाकणे. कारण काम तेच राहिले आणि बाजार बदलला. नर्सिंगला रुग्णालयाचा पगार आणि मान्यताप्राप्त नोंदणी होती, शिवणाला नव्हती. त्यामुळे काम "बायकी" की "पुरुषी" यापेक्षा, शिकल्यावर कोण पगार देणार आणि तो दाखला दुसऱ्या गावी चालणार का, हीच खरी कसोटी ठरते. स्थापनेच्या वेळी संस्थेने ती पाळली होती. मधल्या काळात साऱ्या क्षेत्रालाच तिचा काहीसा विसर पडला. १९७६ चा समान वेतन कायदा आणि १९७७ मध्ये नोएडाला सुरू झालेली स्त्रियांसाठीची राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण संस्था ही त्याच टीकेची फळे.

१९९० नंतर

महाराष्ट्राने १९९४ मध्ये देशातले पहिले राज्य महिला धोरण जाहीर केले आणि सरकारी नोकऱ्यांत तीस टक्के जागा स्त्रियांसाठी राखल्या. आयटीआयमध्येही तीस टक्के जागा मुलींसाठी आहेत. इतके झाल्यावर आता मुलींना आणखी काय हवे, असे विचारले जाते. फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन या ट्रेडच्या वर्गात त्या राखीव जागांवर मुली किती बसतात ते पाहावे. मुली मुख्यतः कोपा (संगणक चालक), शिवणकाम आणि ब्यूटी पार्लरच्या अभ्यासक्रमांकडे वळतात. त्याला त्यांची नावड कारणीभूत आहे असे मानायला आधार नाही. तालुक्याच्या गावी वसतिगृह नाही, वर्कशॉपमध्ये शिक्षिका नाही, शेवटच्या एसटीची वेळ पाळीशी जुळत नाही, आणि शिकाऊ उमेदवार म्हणून मुलगी घेणारा कारखानदार शोधून देणारे कोणी नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या विधवेच्या अडचणी आणि या अडचणी यांत फरक फक्त कपड्यांचा आहे.

रोजगाराच्या ताज्या पाहणीचा दाखला देऊन आशावादी लोक म्हणतील की चित्र झपाट्याने बदलते आहे. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचे श्रमबळातील प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेले. वाढ खरी आहे. पण ती मुख्यतः ग्रामीण भागात, शेती आणि घरच्या उद्योगात झाली; शहरांत हे प्रमाण २०२३-२४ मध्येही २८ टक्केच होते. कामकरी स्त्रियांमध्ये स्वयंरोजगाराचा वाटा याच काळात ५१.९ वरून ६७.४ टक्क्यांवर गेला, आणि त्यात घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या बायका मोठ्या संख्येने आहेत. नियमित पगार, सुट्टी आणि निवृत्तिवेतन असलेल्या कामापर्यंत पोचणे अजून शिल्लक आहे.

आजचे कार्य

सेवासदनाच्या पुण्यातील कामाचा विस्तार आज लक्ष्मी रस्त्यापासून एरंडवण्यापर्यंत आहे. मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालतात. अध्यापिका घडवण्याची परंपरा संस्थेच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. 'दिलासा' केंद्रातून बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांचे शिक्षण आणि मोठ्या मुलांची कार्यशाळा चालते. वरवर पाहता हे काम स्त्रियांच्या रोजगारापासून दूर वाटेल. पण घरात असे मूल असले की नोकरी सोडते ती बहुतेक वेळा आईच. मूल दिवसभर सुरक्षित हाती असले तर तिला कामावर जाता येते, आणि ज्या तरुणाला जगाने कोणत्याच वर्गात बसवले नाही त्याच्या हातालाही कसब मिळते. संस्थेच्या मूळ कल्पनेचा हा विस्तार आहे असे मी समजतो.

जुलै २०२४ पासून महाराष्ट्र सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. फार मोठी गोष्ट आहे ती. आता शिकायला पुण्यात येणाऱ्या मुलीच्या बापाचा प्रश्न फीचा उरणार नाही, तो राहण्याचा असेल. खाटांचे भाडे आणि खानावळीचा खर्च फीपेक्षा जास्त होतो, हे विद्यार्थ्यांच्या पेठांत राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना १९७२-७३ पासून आहे आणि आता ती 'सखी निवास' या नावाने चालते. तिच्यात शिकाऊ मुलींनाही जागा देता येते. येत्या दशकाचा आराखडा करताना कार्यकारिणीने नव्या अभ्यासक्रमांच्या आधी अशा खोल्यांचा विचार करावा, त्यांच्या फाटकाची वेळ रात्रपाळीच्या नर्सेस आणि कारखान्यातल्या मुलींना सोयीची असावी, आणि भाडे पहिल्या पगारापर्यंत थांबून घेण्याची मुभा असावी.